आठ पायांची मुंगी

दिवाळी अंकासाठी मजकूर मागताना संपादक दर वर्षी एकच अट घालतात : विषय हलकाफुलका असावा आणि फराळाबरोबर वाचता यावा. यंदा मी कोळ्यावर लिहिणार आहे. चकलीच्या ताटाशेजारी कोळी आलेला कोणाला खपत नाही, हे मी जाणून आहे. पण ज्या कोळ्याविषयी मला सांगायचे आहे तो तुमच्या ताटाशी येऊन उभा राहिला तरी तुम्ही त्याला कोळी म्हणणार नाही. ''मुंगळा आला वाटतं अनारशाला,'' असे म्हणून चमच्याच्या टोकाने त्याला बाजूला साराल आणि पुन्हा खाऊ लागाल. मीही तेच केले असते. गेल्या वर्षीपर्यंत.

मी मराठीचा प्राध्यापक. कीटकसृष्टीशी माझा संबंध म्हणजे पुस्तकांच्या कपाटातील वाळवीशी गेली पंधरा वर्षे चाललेले युद्ध, आणि त्यातही मी सतत माघार घेत आलो आहे. कोळी हा मुळी कीटकच नव्हे, कीटकाला सहा पाय असतात आणि कोळ्याला आठ, एवढी प्राथमिक गोष्टसुद्धा मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळली. कशी कळली ते ऐका.

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, आमच्या घरामागच्या परसात चिरंजीवांचा किल्ला चालला होता. चिरंजीव पाचवीत आहेत. किल्ला राजगडाच्या खाली उतरायला तयार नव्हता, त्यामुळे माती, पोती आणि दगड यांची मागणी तासातासाला वाढत होती. नेमका त्याच वेळी माझा एक विद्यार्थी पुस्तक परत करायला आला. जत तालुक्यातला मुलगा. वसतिगृहात राहणारा, दुसऱ्या दिवशीच्या एस. टी. ने गावी जायच्या तयारीत. चिरंजीवांनी त्याला पाहिले, पुस्तक माझ्या हातात दिले आणि त्याच्या हातात घमेले दिले.

या मुलाविषयी एक गोष्ट आधी सांगायला हवी. जुलै महिन्यात मी वर्गात माणदेशातल्या माणसांवर बोलत होतो. व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' 1949 सालचे. पण अजून त्यातले लोक चालते-बोलते वाटतात, त्यांची बोली काय, तिचा गोडवा काय, असा माझा सूर लागला होता. कौतुक संपल्यावर मी या मुलाला एक उतारा वाचायला सांगितला. त्याने 'पाणी' या शब्दाचा उच्चार 'पानी' असा केला. मी त्याला थांबवले. पुन्हा म्हणायला लावले. तो पुन्हा 'पानी' म्हणाला. तिसऱ्या वेळी वर्ग हसला. चौथ्या वेळी त्याने कसाबसा 'ण' काढला आणि तो खाली बसला. त्यानंतर दिवाळीपर्यंत तो माझ्या तासाला एक अक्षर बोलला नाही. प्रश्न विचारला की उभा राही आणि पुस्तकाकडे पाही. मुलगा बुजरा आहे, अशी मी नोंद केली आणि पुढे गेलो. माडगूळकरांच्या बोलीचे कौतुक आणि 'पानी'ची शिक्षा या दोन गोष्टी एकाच तासात बसल्या होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते.

तर किल्ला. परसाच्या कोपऱ्यात भिंतीला लागून एक पसरट दगड होता. तो त्या मुलाने उचलला आणि उचललेला तसाच हातात धरून उभा राहिला. दगडाच्या पोटाला शर्टाच्या बटणाएवढी एक चपटी चकती चिकटली होती. चंदेरी, चकचकीत, साडीवरून निखळलेल्या टिकलीसारखी. आणि तिच्या बाजूने एक काळा मुंगळा लगबगीने चालला होता. मी बोटाने त्याला झटकायला गेलो.

''सर, ह्यो मुंगळा न्हाई,'' मुलगा म्हणाला. ''कोळी हाय.''

जुलैनंतर त्याने माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य.

मी चष्मा सावरून वाकलो. मला तर मुंगळाच दिसत होता. तसाच काळा, तशीच बारीक कंबर, पोटावर पांढुरका पट्टा. मुंगळ्यासारखाच थोडा चाले, थबके, डोक्यापुढच्या दोन मिशा हवेत हलवी, पोट खालीवर करी, पुन्हा तिरका चाले. मी तसे म्हणालो.

''पाय मोजा की सर.''

मोजले. सहा भरले. तसे सांगितल्यावर मुलगा पहिल्यांदाच हसला. ''फुडच्या त्या मिशा न्हाईत, पायच हायेत. थांबला की वर धरतोय. आता बघा.'' आणि त्याने झाडूची एक काडी त्या प्राण्याच्या पाठीला हलकेच लावली.

त्या क्षणी मुंगळा नाहीसा झाला. म्हणजे प्राणी तिथेच होता, पण ते थबकणे, ते मिशा हलवणे, ती कामसू लगबग, सगळे एकदम गळून पडले. मिशा म्हणून मिरवणारे पाय खाली आले, आठही पाय जमिनीला लागले आणि एक अस्सल कोळी दगडावरून जो सुटला तो थेट माझ्या हातावर आला आणि बाहीतून आत शिरला.

''आगागा! चढलं रं, चढलं! काढ की आदुगर!''

हे वाक्य कोण ओरडले, असा क्षणभर मलाच प्रश्न पडला. मीच ओरडलो होतो. माझे गाव माण तालुक्यात आहे. वयाच्या सतराव्या वर्षी शिकायला शहरात आलो, तेव्हा वसतिगृहाच्या आरशापुढे उभे राहून रोज रात्री मी 'ण' आणि 'ळ' घोटत असे. सहा महिन्यांत जमले. पुढे एम. ए. झालो, नोकरी लागली, आकाशवाणीवर दोन भाषणे झाली. आमच्या सौभाग्यवतींनी लग्नानंतरच्या अठरा वर्षांत मला गावच्या बोलीत बोलताना क्वचितच ऐकले असेल, आणि चिरंजीवांनी तर कधीच नाही. चिरंजीव राजगड सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मुलाने माझी बाही उलटी केली, कोळ्याला ओंजळीत अलगद घेतले आणि म्हणाला, ''चावत न्हाई त्यो.'' मग थोडे थांबून, ''सर, तुमी कुठलं?''

''माण,'' मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. त्याने दगड पुन्हा चकतीसकट होता तसा पालथा ठेवला. राजगडाला दुसरा दगड शोधावा लागला.

त्या दिवशी तो कोळी चटणीच्या रिकाम्या बाटलीत घालून मी आमच्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे नेला. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि सांगितले, की हा कॉरिनिडी कुलातला दिसतो, बहुधा कॅस्टिअनिरा या प्रजातीतला. कायसरलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने 1879 साली या प्रजातीला नाव दिले. तिच्या जाती आपल्याकडे आहेत, अमेरिकेत तर पुष्कळ. जमिनीवर, पालापाचोळ्यात, दगडाखाली राहतात आणि विलक्षण वेगाने पळतात. ती चकती म्हणजे मादीने अंड्यांभोवती विणलेले रेशमी वेष्टन. सहकाऱ्यांनी माझ्या हातात दोन पुस्तके ठेवली, आणि त्या सुट्टीत दिवाळी अंकांऐवजी मी तीच वाचली. (आपल्या साप्ताहिकाचा अंक अर्थातच त्यांच्याआधी वाचला होता.)

पहिला धक्का माझ्या शास्त्राला बसला, म्हणजे भाषेला. हा कोळी जाळे विणत नाही. मराठीत कोळी हा शब्द जाळ्यापासून सुटतच नाही. समुद्रावरचा कोळी जाळे टाकतो, कोपऱ्यातला कोळी जाळे पसरतो, आणि दोघेही भक्ष्याची वाट बघत बसतात, अशी आपली मनातली जुळणी. संस्कृतानेही त्याला ऊर्णनाभ म्हटले, नाभीतून लोकर काढणारा. पण जगातल्या कितीतरी कोळ्यांना जाळे नसते. ते वाट बघत बसत नाहीत, धावून शिकार करतात. सूत त्यांच्याकडे असते, पण ते अंड्यांच्या वेष्टनासाठी नाहीतर निवाऱ्यासाठी. ज्याने जाळे सोडले त्याला उघड्यावर हिंडावे लागते, आणि उघड्यावर हिंडणाऱ्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. सोंगाची गरज तिथे सुरू होते.

हे डोळे कोणाचे? पक्ष्यांचे, सरड्यांचे, मोठ्या कोळ्यांचे आणि कुंभारणीचे. कुंभारीण आपण सर्वांनी पाहिली आहे. खिडकीच्या चौकटीत, देवळीत, फोटोच्या मागे चिखलाची मडकी बांधणारी ती बारीक कमरेची माशी. लहानपणी गावच्या घरात मी तिचे एक मडके फोडले होते. आत कोळी खच्चून भरले होते. मेलेले वाटत होते, पण मेलेले नव्हते. कुंभारीण कोळ्याला नांगीने लुळा करते, जिवंत तसाच कोंडते, त्यावर अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. अळी बाहेर पडते ती ताज्या जेवणावर. आपल्या जुन्या लोकांनी या मडक्यातून बाहेर पडणारी माशी पाहिली आणि त्यावरून कीटक-भृंगन्याय रचला : कोंडलेला किडा भीतीने भृंगीचाच ध्यास घेतो आणि शेवटी भृंगी होतो. संतवाङ्मय शिकवताना हा न्याय मी दर वर्षी मोठ्या भक्तिभावाने सांगतो. वस्तुस्थिती अशी, की किडा भृंगी होत नाही. किडा खाल्ला जातो.

जमिनीवर धावणाऱ्या कोळ्याने या सगळ्यांपासून वाचण्यासाठी मुंगीचे रूप उचलले, यात त्याचा हिशेब पक्का आहे. मुंगी सहसा कोणाला आवडत नाही. ती चावते, तिच्या अंगात आम्ल असते, आणि एकीला धरावे तर तिच्यामागे पलटण येते. गोड लागणाऱ्याने कडू लागणाऱ्याचे रूप घ्यायचे, या युक्तीचा उलगडा प्रथम हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज गृहस्थाने केला. बेट्स मूळचा मोजे-बनियनच्या धंद्यातला उमेदवार. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. 1848 मध्ये तो ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेला, 11 वर्षे राहिला, 14,000 हून अधिक जातींचे प्राणी, बहुतेक कीटक, त्याने गोळा केले, आणि त्यांतले सुमारे 8,000 शास्त्राला नवे होते. तिथे बेचव फुलपाखरांच्या थव्यात अगदी तसेच रंग ल्यायलेली पण मुळीच बेचव नसलेली फुलपाखरे त्याला सापडली. 1862 साली त्याने हे मांडले. आपल्याकडे याला अनुकृती असा शब्द आहे. मला स्वतःला 'सोंग' हा शब्द जास्त आवडतो. दारावर येणारा बहुरूपी फौजदाराचा डगला घालून येतो. तसे हे, फक्त येथे सोंग उघडे पडले तर शिधा मिळत नाही एवढ्यावर भागत नाही.

कॅस्टिअनिरामधल्या काही अमेरिकी जाती तर मुंगीवरही थांबल्या नाहीत. त्यांच्या पाठीवर तांबडाभडक रंग असतो आणि त्या मखमली मुंगीसारख्या दिसतात, असे सांगतात. ही मखमली मुंगी खरी मुंगी नव्हेच, बिनपंखांची गांधीलमाशी. तिची नांगी इतकी जहरी, की तिकडे एका जातीला 'गाय मारणारी' असे नाव पडले आहे. गाय काही मरत नाही, पण नावाचा धाक पुरतो.

आता रूपाविषयी. कोळ्याचे शरीर दोन भागांचे, मुंगीचे तीन. तिसरा भाग आणायचा कुठून? निसर्गाने शिंपीकाम केले आहे. पोटावर पांढऱ्या केसांचा आडवा पट्टा असला, की उन्हात तो भाग नाहीसाच होतो आणि तेथे कंबर आहे असा भास होतो. काहींच्या पोटालाच खाच असते. पायांची जोडी जास्त, ती मिशा म्हणून खपवायची. एवढ्याने चित्र तयार होते. पण चित्र म्हणजे मुंगी नव्हे. मुंगी ओळखू येते ती चालीवरून.

या चालीवर 2017 साली एक सुंदर काम प्रसिद्ध झाले. कोळी वेगळा होता, उड्या मारणाऱ्या कोळ्यांपैकी, मायर्मारॅक्नी फॉर्मिकेरिया नावाचा. पण सोंग हेच. पॉल शॅम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय वेगवान कॅमेऱ्यांनी त्याच्या चालण्याचे चित्रण केले. तोपर्यंत सर्वांची समजूत अशी, की हा कोळी पुढचे दोन पाय कायम वर धरून सहा पायांवर चालतो. चित्रणात दिसले ते निराळेच. तो आठही पायांवर चालतो. मध्ये अगदी थोडा, सेकंदाच्या दहाव्या भागाइतका थांबतो, तेवढ्यात पुढचे पाय मिशांसारखे हलवतो, आणि पुन्हा आठ पायांवर निघतो. थांबणे इतके आखूड, की आपल्या डोळ्यांना ते थांबणे म्हणून दिसतच नाही. सलग चालणारी, मिशा हलवणारी मुंगीच दिसते. शिवाय मुंगी वासाच्या वाटेवरून चालताना जशी नागमोडी जाते तशीच याची वाट नागमोडी. याच्यापुढे कसलाही वासाचा माग नसतो. तरी तो नागमोडी चालतो, कारण मुंगी तशी चालते.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. सौभाग्यवतींनी विचारले, ''अहो, बरं नाही का वाटत?'' मी म्हणालो, ''चांगलं वाटतंय.''

एक शंका मला होती. ती सहकाऱ्यांना विचारली. हे सोंग मुंग्यांना फसवण्यासाठी आहे का? ते म्हणाले, बहुतेकांचे नाही. बऱ्याच मुंग्यांना दिसते बेताचे. त्या आपला-परका ओळखतात वासावरून. अंगावरच्या मेणासारख्या थराचा वास वारुळावारुळाचा वेगळा. रूप कितीही हुबेहूब असो, जवळ आला आणि मिशा लागल्या, की संपले; परका म्हणून त्याचे तुकडे होतात. म्हणून असे कोळी मुंग्यांच्या आसपास राहतात, पण अंतर ठेवून. मुंगी समोरून आली, की वाट बदलतात. सोंग आहे ते तिसऱ्यासाठी, लांबून पाहणाऱ्यासाठी.

मला ते पटायला वेळ लागला नाही. पंचवीस वर्षे शहरातल्या सभा-संमेलनांत मी वावरलो आहे. माझा 'ण' निर्दोष आहे, 'च' आणि 'ज' जागच्या जागी आहेत. व्यासपीठावरून बोललो, की लांबच्या रांगांतून टाळ्या येतात. पण चहाच्या वेळी एखादे वृद्ध गृहस्थ जवळ येतात, दोन वाक्ये ऐकतात आणि विचारतात, ''आपण मूळचे कुठले?'' प्रश्नात काहीही वाईट नसते. तरी मी कपबशी ठेवायच्या निमित्ताने दुसरीकडे जातो.

वासाचीही चोरी करणारे कोळी आहेत, नाही असे नाही. ऑस्ट्रेलियात कॉस्मोफॅसिस बायटीनिएटा नावाचा कोळी झाडावर पानांची घरटी शिवणाऱ्या मुंग्यांच्या घरात शिरतो, त्यांच्या अळ्या खातो आणि त्या अळ्यांचाच वास अंगाला लावून निर्धास्त हिंडतो. या पाने शिवणाऱ्या तांबूस मुंग्या आपल्या कोकणातही आहेत. आंब्यावर चढणाऱ्याला त्यांची ओळख करून द्यायला नको. त्यांची नक्कल करणारे दोन निराळे कोळी दक्षिण भारतात आहेत आणि त्यांच्या सवयींवर ए. पी. मॅथ्यू यांनी 1954 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. दोघांनी नक्कल एकाच मुंगीची केली, हेतू मात्र दोन. एक जीव वाचवण्यासाठी मुंगी होतो, दुसरा त्याच मुंग्या मारून खाण्यासाठी. या दुसऱ्याविषयी मी जास्त लिहीत नाही. तसली माणसे आपल्याही माहितीत असतात आणि दिवाळीत त्यांची आठवण कशाला?

सोंगाचा उपयोग खरोखर होतो का, हे न्यूझीलंडमधील झिमेना नेल्सन आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी तपासले. ज्यांनी जन्मात कधी मुंगी पाहिली नाही असे शिकारी कोळी त्यांनी प्रयोगशाळेत वाढवले आणि त्यांच्यासमोर मुंगी ठेवली. ते टाळून गेले. मुंगीची नक्कल करणारा कोळी ठेवला. त्यालाही टाळले. 2006 साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे भीती शिकवावी लागत नाही, ती रक्तातच आहे, आणि नक्कल करणारा तिच्यावर जगतो. पण त्याच संशोधकांनी दुसरीही बाजू दाखवली. काही कोळी मुंग्यांवरच जगतात. त्यांच्यापुढे हे सोंगाडे सापडले, की आगीतून निघून फुफाट्यात पडल्यासारखे होते. कोळी म्हणून वाचला असता तो मुंगी म्हणून मरणार! अशा वेळी तो काय करतो? पाय पसरून, कोळ्यासारखा अंगविक्षेप करून, 'मी मुंगी नव्हे, मी कोळी,' असे दाखवतो, आणि मुंगीखाऊ पुष्कळदा मागे फिरतो. जिवावर बेतले, की स्वतःची भाषा बाहेर येते. बाहीत कोळी शिरल्यावर मी काय ओरडलो ते वर सांगितलेच आहे.

या सगळ्याची किंमत असते. मुंगी दिसायचे तर अंग बारीक ठेवावे लागते, कंबर आवळावी लागते, आणि आवळलेल्या पोटात अंडी मावत नाहीत. मुंगीसारख्या कोळिणी तेवढ्याच आकाराच्या इतर कोळिणींपेक्षा एका वेळी थोडी अंडी घालतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. मी गावाहून शहरात आलो तेव्हा माझ्या पेटीत कवितांची एक वही होती. आमच्या बोलीतल्या कविता, चांगल्या होत्या असे नाही म्हणत, पण दोनशे पानी वही भरली होती. पुढच्या पंचवीस वर्षांत माझ्या नावावर दोन संपादने आणि एक व्याकरणाची पुस्तिका आहे.

आणखी एक गोष्ट जोनाथन रीस्किंड यांनी पनामातील कोळ्यांवर काम करताना नोंदवली. कोळ्याचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा चिमुकले असते. ते मोठ्या मुंगळ्याचे सोंग कसे घेणार? म्हणून काही जातींची पिल्ले आधी एका बारीक मुंगीसारखी दिसतात, कात टाकून वाढली की दुसऱ्या जातीच्या मुंगीसारखी, आणि पूर्ण वाढल्यावर तिसऱ्याच. इयत्तेप्रमाणे गणवेश बदलावा तसे. यात कोळ्याचे स्वतःचे रूप कोणत्या इयत्तेत दिसते, असे मी सहकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, ''तुम्हां साहित्याच्या लोकांना भलतेच प्रश्न पडतात.''

सुट्टी संपून महाविद्यालय उघडले. पहिल्याच तासाला मी त्या मुलाला उभा केला आणि एक उतारा वाचायला दिला. मनात ठरवले होते, की तो जसा वाचेल तसा वाचू द्यायचा; 'पानी' म्हणाला तर वर्गाला सांगायचे, की माझी आई असेच म्हणते. वाक्येसुद्धा जुळवून आलो होतो. मुलाने पुस्तक उघडले आणि वाचू लागला. 'पाणी' आले. स्वच्छ, जीभ टाळूला मागे लावून काढलेला 'ण'. पुढे 'कोणी' आले, 'आणि' आले, 'माणूस' आला. एकही चुकला नाही. फक्त प्रत्येक 'ण'च्या आधी तो किंचित थांबत होता, सेकंदाच्या दहाव्या भागाइतका. वर्गात ते कोणाच्या ध्यानात आले नाही. ''छान,'' मी म्हणालो. दुसरे काही सुचले नाही. जुळवून आणलेली वाक्ये तशीच राहिली.

तास संपल्यावर त्याला थांबवून विचारले, ''सुट्टीत सराव केलास?''

''हो सर,'' तो म्हणाला. ''रोज म्हसरं राखताना...'' आणि एकदम थांबून, ''गुरं राखताना केला सर.''

''म्हसरं म्हण,'' मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. हा माणूस आज एक म्हणतो, उद्या दुसरे, असे त्याला वाटले असेल, तर त्यात त्याची चूक नाही. पण तो घरी येऊ लागला. आधी चिरंजीवांसाठी, मग सौभाग्यवतींच्या हातच्या भाकरीसाठी, मग माझ्याशी बोलायला. परसात बोलताना आम्ही दोघेही 'ण'ची फारशी फिकीर करत नाही. वर्गात तो तसाच किंचित थांबून बोलतो, आणि मीही तिथे माझ्या नेहमीच्या मराठीत बोलतो. पेटीतली ती वही मी त्याला वाचायला दिली आहे. ''निम्म्या बऱ्या हायेत,'' असा त्याचा अभिप्राय आहे.

यंदा गेल्या रविवारी किल्ल्याचा पाया घालायला तो आला होता. या वर्षी प्रतापगड आहे. तो दगड अजून भिंतीपाशी पालथाच आहे. त्याला हात लावायचा नाही, असा चिरंजीवांचा कायदा आहे. गेल्या वर्षीची चकती पोकळ होऊन कधीच गळून पडली. पण दगडाच्या कडेने एक काळा प्राणी थबकत, मिशा हलवत, नागमोडी चाललेला मला दिसला. वर्षभर वाचलेले सगळे एकदम वर आले. मी चिरंजीवांना आणि पलीकडच्या घरातल्या तीन मुलांना बोलावले. दोन भाग आणि तीन भाग, बेट्स, पनामा, सगळे सांगितले. ''आता बघा,'' असे म्हणून काडी न घेता बोटच पुढे केले.

''आयाया! चावलं रं, चावलं!''

मुलगा घमेले खाली ठेवून वाकला, त्याने माझ्या बोटाला लोंबकळणारा मुंगळा ओढून काढला आणि नीट निरखून पाहिला.

''सर,'' तो म्हणाला, ''पाय मोजायचं ऱ्हायलं.''